पेलाभर रसाची गोष्ट

मागच्या महिन्यात लेकीनं कोल्ड प्रेस ज्यूसर घेतला. बंगळुरूहून फोन आला तोच मुळी उत्साहात. "आई, रोज सकाळी ताज्या भाज्यांचा रस प्यायचा असं ठरवलंय आम्ही दोघांनी. तू आजोबांना करून द्यायचीस ना, तो दुधीचा रस? कसा करायचीस ग?"

मी जरा वेळ गप्पच झाले. मग म्हटलं, "गाजर कर, बीट कर, टोमॅटो कर. दुधीचं नंतर सांगते." तिला वाटलं मी कामात आहे. काम कसलं! ते 'नंतर' म्हणजे हा लेख. फोनवर सांगण्यासारखं नाही ते, आणि सांगायचं तर जरा मागून, बरंच मागून सांगावं लागेल.

आमच्या घरी हा रस आला २००७ साली, बाबांच्या अँजिओप्लास्टीनंतर. बाबांच्या सकाळच्या फिरण्याच्या गटातल्या एका काकांनी झेरॉक्स केलेला एक कागद आणून दिला. त्या काळात असे कागद पुण्यात घरोघर फिरत. पाव ते अर्धा किलो दुधी सालीसकट किसायचा, त्यात तुळशीची आणि पुदिन्याची आठ-दहा पानं, मिक्सरमधून काढायचं, पंच्यातून पिळायचं आणि अनशापोटी प्यायचं. बागेच्या फाटकाबाहेर स्टीलचे डबे मांडून कारलं, आवळा, गव्हांकुर, दुधी असे रस विकणारेही तेव्हा उभे राहू लागले होते. पण बाबांना घरचाच लागे. मी तेव्हा त्यांच्याकडेच राहत होते, त्यामुळे हे खातं आपोआप माझ्याकडे आलं. सकाळी सातच्या ठोक्याला पेला टेबलावर. बाबा उभ्या उभ्या, डोळे मिटून, एका दमात तो संपवत आणि "झालं!" म्हणून चपला घालत. दोन वर्षं हे बिनबोभाट चाललं.

२००९ च्या जूनमधली ती सकाळ मला अजून तशीच्या तशी आठवते. पंचा पिळताना बोटावर आलेला थेंब मी सहज चाटला. कडू होता. नेहमीसारखा मचूळ-गवतट नव्हे, चांगला कडू, जिभेच्या मागपर्यंत गेलेला. मी काय केलं? पुदिना जास्त झाला असेल असं मनाशी म्हटलं आणि अर्धं लिंबू पिळलं, सैंधव घातलं, वर जिरेपूड. बाबांनी अर्धा पेला घेतला आणि तोंड वाकडं केलं. "आज कडू आहे ग." मी म्हटलं, "कडू तेवढं औषधी, बाबा. प्या." आणि ते प्यायले.

पाऊण तासात उलट्या सुरू झाल्या. नंतरच्या उलट्यांमधून रक्त. रक्तदाब कोसळला. दोन रात्री अतिदक्षता विभागात काढल्या. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, "काल रात्री काय खाल्लं?" रात्री आईनं मुगाची खिचडी केली होती. मग निदान झालं, अन्नातून विषबाधा. रसाबद्दल कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. लपवलं असं नाही हो. खरंच सुचलं नाही! कारण रस म्हणजे खाणं थोडंच? रस म्हणजे औषध. बाबा घरी आले, आणि पुढल्या आठवड्यात दुसऱ्या दुधीचा रस पुन्हा सुरू. काही झालं नाही. आई मात्र त्यानंतर रात्रीची खिचडी करायचीच बंद झाली.

वर्षभरानं, २०१० च्या उन्हाळ्यात, दिल्लीची बातमी वाचली. एका वैज्ञानिक संस्थेत काम करणाऱ्या, ५९ वर्षांच्या गृहस्थांचा दुधी आणि कारल्याचा एकत्र रस प्यायल्यामुळे मृत्यू. पत्नीही तोच रस प्यायल्या होत्या, त्या वाचल्या. रस नेहमीपेक्षा कडू लागला होता. पेपर हातात धरून मी किती वेळ स्वयंपाकघरात उभी होते कोण जाणे.

त्या दिवसापासून मला एक प्रश्न पडला आणि मी मिळेल ते वाचत सुटले. हा पेला आमच्या टेबलावर आला कुठून? "आपली जुनी पद्धत आहे ही," असं सगळे म्हणायचे. आहे का खरंच?

अर्धं खरं आहे. आयुर्वेदात औषध तयार करण्याचे जे पाच मूळ प्रकार सांगितलेत (स्वरस, कल्क, क्वाथ, हिम आणि फांट) त्यात पहिला मान स्वरसाचा. ताजी वनस्पती आणायची, लगेच कुटायची, फडक्यातून पिळायची, पाणी घालायचं नाही. मराठीत आपण याला 'अंगरस' म्हणतो. किती नेमका शब्द आहे! वनस्पतीच्या अंगचा रस, बाहेरचं काही नाही. माझी आजी खोकल्याला अडुळशाच्या पानांचा अंगरस द्यायची, आल्याचा द्यायची, मधातून. पण किती? चमचा. फार तर दोन. शार्ङ्गधर संहिता या मध्ययुगीन ग्रंथात स्वरसाची मात्रा अर्धा पल सांगितली आहे आणि कारणही दिलंय, की स्वरस पचायला जड असतो. आजच्या हिशेबानं अर्धा पल म्हणजे सुमारे २४ ग्रॅम. आणि आम्ही? पेलाभर! म्हणजे त्याच्या आठ-दहा पट, रोज, वर्षानुवर्षं, आणि वर म्हणायचं जुनी पद्धत.

याहून पुढची गोष्ट वाचली तेव्हा मात्र अंगावर काटा आला. चरकसंहितेच्या कल्पस्थानात वमनासाठी, म्हणजे मुद्दाम ओकारी घडवण्यासाठी वापरायच्या वनस्पतींवर एकेक अध्याय आहे. पहिला मदनफळाचा, म्हणजे गेळफळाचा. तिसरा इक्ष्वाकूचा. हा इक्ष्वाकू म्हणजे रामाच्या वंशातला राजा नव्हे, तर कडू भोपळा, कटुतुंबी. आपल्या दुधीचीच कडू जात! कडू दुधीनं माणूस ओकतो हे आपल्याकडे इतकं पक्कं ठाऊक होतं की त्याचं शास्त्र लिहून ठेवलं होतं. आजारी माणसाची ताकद बघून, मोजूनमापून, वैद्य शेजारी बसून द्यायची ही गोष्ट. आणि मी ती लिंबू पिळून, जिरेपूड भुरभुरून अँजिओप्लास्टी झालेल्या बापाला दिली होती.

गोड दुधीची भाजी आणि कडू दुधीचं वमन. जुन्यांच्या डोक्यात हे दोन खण वेगळे होते. त्यांना वेगळं ठेवणारी भिंत कुठली, तर जीभ. एवढी साधी.

मग पेलाभर रस आला कुठून? माझ्या वाचनाप्रमाणे तो बराचसा युरोप-अमेरिकेतून फिरून आला, आणि त्यामागे शहाणपण नव्हतं असं मुळीच नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मनीत औषधांना कंटाळलेली एक मोठी चळवळ उभी राहिली. पाणी, माती, ऊन, वारा, उपास आणि न शिजवलेलं अन्न यांवर तिची श्रद्धा. लायप्झिगचा लुई कुने कटिस्नान आणि वाफारे द्यायचा. अडॉल्फ जुस्टनं 'निसर्गाकडे परत चला' असं सांगणारं पुस्तक लिहिलं. गांधीजींच्या हाती हे पुस्तक दक्षिण आफ्रिकेत पडलं आणि पोटावर मातीची पट्टी बांधण्याचे त्यांचे प्रयोग तिथून सुरू झाले. आत्मचरित्रात त्यांनी ते सगळं सांगितलंय. १९०४ साली बिर्खर-बेनर या डॉक्टरनं झुरिकजवळ आरोग्यधाम काढलं आणि कच्ची फळं-भाज्या हा उपचाराचा गाभाच करून टाकला.

सुरुवातीला बऱ्याच डॉक्टरांना हा वेडेपणा वाटला. पण १९१२ मध्ये कॅसिमिर फुंकनं 'व्हिटॅमिन' हा शब्द काढला आणि पुढच्या वीसेक वर्षांत एकेक जीवनसत्त्व हाती लागत गेलं. यातली सेंट-ग्यॉर्गीची गोष्ट मला फार आवडते. हंगेरीतल्या सेगेद गावी हा शास्त्रज्ञ क जीवनसत्त्वाचा भरघोस स्रोत शोधत होता. एका रात्री बायकोनं जेवायला ढोबळ्या मिरचीच्या कुळातली ताजी पॅप्रिका वाढली. त्याला ती खायची नव्हती, आणि तसं म्हणायची हिंमतही नव्हती! म्हणून 'प्रयोगशाळेत नेतो' असं सांगून तो ती घेऊन सटकला. तपासली, तर क जीवनसत्त्वाची खाणच. १९३७ साली त्याला नोबेल मिळालं. हे जीवनसत्त्व उष्णतेनं बरंचसं नष्ट होतं हेही कळलं. म्हणजे कच्चं खा म्हणणारे निदान काही बाबतीत बरोबर होते!

इथवर ठीक. पण ताज्या रसाची महती नुसती ताजेपणावर थांबली नाही. नॉर्मन वॉकर नावाचा, इटलीत जन्मलेला इंग्रज गृहस्थ अमेरिकेत गेला आणि कॅलिफोर्नियात त्यानं रसाचा व्यवसाय सुरू केला. १९३६ साली कच्च्या भाज्यांच्या रसावर पुस्तक लिहिलं, त्यात कुठल्या आजाराला कुठला रस याच्या याद्या. आधी भाजीचा लगदा करायचा आणि मग तो दाबून पिळायचा असं यंत्रही बनवलं, 'नॉरवॉक'. लेकीच्या कोल्ड प्रेसचं हे पणजोबाच म्हणायला हरकत नाही. वॉकर ११६ वर्षं जगला, ११९ वर्षं जगला असं रसप्रेमी मंडळी अजून सांगतात. कागदपत्रांप्रमाणे तो १८८६ साली जन्मला आणि १९८५ मध्ये वारला. म्हणजे ९९! आता ९९ वर्षं जगणं काय कमी आहे? पण तेवढ्यानं भागत नाही. चांगल्या गोष्टीला चमत्कार केल्याशिवाय आपल्याला चैन पडत नाही, हे मला या सगळ्या इतिहासात पुन्हा पुन्हा दिसत गेलं.

मॅक्स गेरसनचंही तेच. जर्मनीतला ज्यू डॉक्टर, हिटलर आल्यावर देश सोडून न्यूयॉर्कला पोचलेला. कर्करोगाच्या रुग्णांना तो तासातासाला एक असे दिवसाला १३ पेले ताजे रस द्यायचा. १९५८ साली ५० रुग्णांच्या हकिगतींचं त्याचं पुस्तक निघालं. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेनं १९४७ मध्ये त्याच्या १० आणि १९५९ मध्ये ५० रुग्णांची माहिती तपासली. उपचाराचा फायदा झाला असं तिला आढळलं नाही. त्यानंतरच्या पिढीत बोस्टनच्या अ‍ॅन विगमोर बाईंनी गव्हांकुरांचा रस जगभर नेला. आपल्याकडे नव्वदीच्या दशकात गॅलरीतल्या ट्रेमध्ये जे हिरवे गहू उगवू लागले त्याचं मूळ हे. या बाईंनाही पुढे एड्ससारख्या आजारावरच्या दाव्यांपायी मॅसॅच्युसेट्स राज्यानं १९८८ मध्ये कोर्टात खेचलं.

आता आपल्याकडे येऊ. हा प्रवाह मराठी मुलखात आला तो मुख्यतः गांधीजींच्या वाटेनं, आणि त्याचं एक ठाणं आमच्या पुण्यातच आहे. स्टेशनजवळ ताडीवाला रोडवर डॉ. दिनशा मेहतांचं निसर्गोपचार केंद्र होतं. गांधीजी तिथे वेळोवेळी मिळून दीडशेहून जास्त दिवस राहिले. १८ नोव्हेंबर १९४५ ला तिथे निसर्गोपचाराचा अखिल भारतीय न्यास स्थापन झाला आणि गांधीजी त्याचे आजीव अध्यक्ष झाले. म्हणूनच २०१८ पासून १८ नोव्हेंबर हा निसर्गोपचार दिन मानतात. त्या जागेत १९८६ पासून राष्ट्रीय निसर्गोपचार संस्था आहे. पण गरिबांसाठीचं केंद्र शहरात काढणं ही आपली चूक होती, असं गांधीजींना लवकरच वाटलं आणि २२ मार्च १९४६ ला ते सोलापूर रस्त्यावरच्या उरळी कांचनला गेले. जेमतेम आठवडाभर राहिले, गावकऱ्यांना तपासलं, आणि काम तरुण मणिभाई देसाईंवर सोपवून निघाले. मणिभाई उरळीला आले ते कायमचे. तो निसर्गोपचार आश्रम आजही चालू आहे. माझी आत्या ऐंशीच्या दशकात तिथे दहा दिवस राहून आली होती. आल्यावर महिनाभर घरातल्या प्रत्येकाला मीठ कमी करायला लावलं होतं तिनं!

गंमत अशी, की ज्यांच्या नावानं हे सगळं चालतं ते गांधीजी स्वतः फार सावध होते. १९२९ साली त्यांनी फक्त कच्च्या अन्नावर राहण्याचा प्रयोग केला, जाहीर केला, आणि तब्येत बिघडल्यावर सोडून दिला. सोडला तेही जाहीरपणे. १९४२ मध्ये आगाखान पॅलेसमध्ये कैदेत असताना त्यांनी आरोग्यावरचं छोटं पुस्तक लिहिलं. हिंदीत ते 'आरोग्य की कुंजी' म्हणून प्रसिद्ध आहे. त्यात बैठं काम करणाऱ्या माणसाच्या दिवसभराच्या आहाराचं कोष्टक आहे. पालेभाजी ३ औंस, इतर भाज्या ५ औंस, आणि कच्ची भाजी? १ औंस. म्हणजे सुमारे २८ ग्रॅम. शार्ङ्गधराचा अर्धा पल आणि गांधीजींचा एक औंस यांच्यात चार ग्रॅमचा फरक! रस वेगळा आणि कच्ची भाजी वेगळी, त्यामुळे हा योगायोगच. पण मला तो आकडा वाचून हसूही आलं आणि थोडं रडूही.

मग चमच्याचा पेला झाला कसा? याचं उत्तर कुठल्याच ग्रंथात नाही, ते आपल्या ओट्यावर आहे. मिक्सर! अर्धा किलो दुधी किसणीवर किसून पंच्यातून पिळायचा तर हाताला रग लागते. रोज कोण करतंय? पाट्यावर वाटून किती रस निघणार? जुन्या मात्रेला शास्त्राइतकाच हाताचाही लगाम होता. साठच्या दशकात 'सुमीत' आला, मग मध्यमवर्गीय घरांतून पाटा-वरवंटा हळूहळू गॅलरीत गेला, पुढे ज्यूसरची भांडी आली. अर्धा किलोचा रस पाच मिनिटांत. पूर्वी औषध म्हणून दिलं जायचं ते चमचाभर, आणि खाल्लं जायचं ते भाजी म्हणून वाटीभर. ज्यूस आला आणि औषधाची श्रद्धा, अन्नाचं प्रमाण आणि यंत्राचा वेग तिन्ही एका पेल्यात आले. तसं पाहिलं तर तिन्हींतलं एकही वाईट नाही. पण एकत्र येताना वाटेत काहीतरी गळून पडलं.

काय गळलं? चव बघणं. भाजी करताना आई दुधीचा एक काप तोंडात टाकून बघायची. काकडीचं टोक कापून त्यानंच ती घासायची, आणि कोशिंबिरीआधी चकती खाऊन बघायची. कडू निघाली तर सरळ बाहेर. यात शास्त्र वगैरे आहे हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, तिला तिच्या आईनं करून दाखवलं होतं एवढंच. जेवणात कडू म्हणजे बिघडलेलं. पण औषधाच्या जगात नियम उलटा. कडू म्हणजे गुणकारी! दुधी भाजीच्या खणातून औषधाच्या खणात गेला आणि त्याच क्षणी जिभेची साक्ष रद्द झाली. मी "कडू तेवढं औषधी" म्हटलं ते या नव्या खणातून.

दिल्लीच्या घटनेनंतर भारतीय वैद्यक संशोधन परिषदेनं, म्हणजे आयसीएमआरनं, तज्ज्ञांची समिती नेमली. तिचा अहवाल २०१२ साली परिषदेच्या संशोधनपत्रिकेत आला. त्यात हे नीट सांगितलंय. दुधी, काकडी, दोडका या कुळातल्या वनस्पती कीड आणि जनावरांपासून बचावासाठी कुकुरबिटासिन नावाची कडू द्रव्यं बनवतात. शतकानुशतकांच्या निवडीनं आपल्या बागायती जातींत ती अगदी कमी झाली आहेत. पण उन्हाचा ताण पडला, पाण्याची ओढ बसली, फळ जून झालं किंवा बियाण्यात रानटी जातीचा संकर झाला की एखादं फळ पुन्हा कडू निघतं. वरून काही कळत नाही. त्यानं पोटाच्या आतल्या अस्तराला इजा होते, उलट्या, जुलाब, रक्तस्राव होतो, रक्तदाब पडतो. यावर उतारा असं औषध नाही, लक्षणांवर उपचार करायचे. समितीचा सल्ला कुणालाही पाळता येईल इतका साधा आहे. रस काढण्याआधी फोडीची चव बघा. कडू असेल तर टाकून द्या. दुधीचा रस दुसऱ्या कुठल्या रसात मिसळू नका (कारल्याच्या कडूपणात दुधीचा कडूपणा लपतो!). प्यायल्यावर मळमळ, उलटी, अस्वस्थ वाटलं तर थांबू नका, थेट दवाखाना गाठा.

शिजवल्यानं हे विष जाईल याचाही भरवसा नाही. २०१५ साली जर्मनीत हायडेनहाइम इथे शेजाऱ्यांच्या बागेतल्या कडू झुकिनीचा शिजवलेला रस्सा खाऊन ७९ वर्षांचे एक गृहस्थ गेले. आणि इतकं सगळं जाहीर झाल्यावरही २०१८ च्या जूनमध्ये आमच्याच पुण्यात, एक चाळिशीतल्या, नियमित व्यायाम करणाऱ्या बाई दुधीचा रस पिऊन दगावल्या. ती बातमी वाचली तेव्हा वाटलं, आपण गप्प बसलो हेही बरोबर नाही.

दिल्लीची बातमी वाचली त्याच दिवशी मी आईबाबांना सगळं सांगितलं. थेंब चाटला होता, कडू लागला होता, तरी दिला, हे सगळं. बाबा म्हणाले, "अगं, मलाही कडू लागला होता की. मीही प्यायलोच ना." त्यांनी ते इतक्या सहज माझ्या खांद्यावरून उतरवलं. आई जरा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे माझी खिचडी चांगली होती तर." वर्षभर ती ते मनात धरून होती, आणि आम्हा कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. त्या रात्री तिनं खिचडी केली, आणि बाबांनी दोनदा मागून घेतली. बाबा पुढे नऊ वर्षं छान जगले. रस सुटला, सकाळचं फिरणं शेवटपर्यंत सुटलं नाही.

असो. आता लेकीच्या प्रश्नाचं उत्तर.

बाळा, रस जरूर पी. रस वाईट म्हणायला मी काही हे लिहिलं नाही. २००८ साली लंडनच्या संशोधकांनी निरोगी माणसांना अर्धा लिटर बीटचा रस देऊन पाहिला आणि काही तासांत त्यांचा वरचा रक्तदाब सुमारे १० अंकांनी उतरलेला दिसला. बीटमधल्या नायट्रेटमुळे हे होतं असं त्यांनी दाखवलं. म्हणजे पेल्यातही दम असतो. पण दम असतो म्हणूनच तो जपून प्यायचा. ज्यांचा रक्तदाब गोळ्यांनी आधीच उतरवलाय, ज्यांना मूत्रपिंडाचा त्रास आहे, ज्यांना रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय पालक-बीटचे पेले रिचवू नयेत. पालकात ऑक्झलेट असतं, हिरव्या पानांत के जीवनसत्त्व असतं. आणि चोथा टाकू नकोस ग, तंतू सगळे त्यातच राहतात. थालीपिठात, पराठ्यात घाल. जागतिक आरोग्य संघटना रोज ४०० ग्रॅम फळं-भाज्या खा म्हणते. रस ही त्यात थोडी भर, जेवणाला पर्याय नव्हे.

माझं स्वतःचं म्हणशील, तर मी सकाळी लहानशी वाटी घेते. एक गाजर, अर्धं बीट, एक टोमॅटो, आल्याचा तुकडा. लगेच काढायचा, लगेच प्यायचा. पेला मी वापरत नाही. आजीच्या चमच्याहून जास्त आणि झेरॉक्सच्या कागदाहून कमी, असा माझा मध्यममार्ग आहे. दुधी मी भाजीलाच घेते, चणाडाळ घालून.

तुझ्या त्या यंत्रात मात्र काहीही घालण्याआधी एक काप तोंडात टाकून बघ. काकडी असो, दोडका असो, घरच्या कुंडीतला असो नाहीतर महागडा सेंद्रिय असो. कडू लागला तर थुंक, चूळ भर आणि फळ टाकून दे. चाळीस रुपये गेले तर गेले. आणि समोरचा "आज कडू आहे ग" म्हणाला, तर त्याच्या हातातून पेला काढून घे.